सदोष वस्तू, जखमी ग्राहक आणि भरपाईचा कायदा

प्रेशर कुकरमधली जादा वाफ बाहेर जायला वाटा ठेवलेल्या असतात. पहिली वाट शिट्टीची. डाळीचे टरफल किंवा फेस नळीत अडकून ती बंद झाली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडावा किंवा वितळावा अशी सोय असते. काही कुकरांत झाकणाच्या कडेला एक फटही ठेवलेली असते. दाब फारच वाढला की तिथून रबरी रिंग बाहेर ढकलली जाते आणि वाफ मोकळी होते. या साऱ्या वाटा एकदम निकामी झाल्या की झाकण उडते आणि उकळते वरण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर, छातीवर, हातावर पडते.

पुढची कहाणी बहुतेक घरांत सारखीच असते. जखमी बाईला घेऊन सगळे दवाखान्यात धावतात. मागे राहिलेले कोणी तरी ओटा धुते, भिंती पुसते. वाकडातिकडा झालेला कुकर आठवड्याभरात भंगारवाल्याकडे जातो. महिन्या-दोन महिन्यांनी, बिले हातात आल्यावर, भरपाईचा विचार सुरू होतो. कंपनीला नोटीस गेली की उत्तर येते : रिंग आमची नव्हती, बाजारातली डुप्लिकेट होती, व्हॉल्व्ह वेळेवर बदलला नव्हता. दुकानदार म्हणतो, मी बंद खोका विकला. खरे-खोटे ज्यावरून ठरले असते तो कुकर आता कोणाकडेच नसतो.

सदोष वस्तूंमुळे झालेल्या इजांचा कायदा भारतात २०१९ साली बराच पुढे गेला. तो कुठून आला, आज त्याबद्दल कोण काय म्हणते आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे या लेखात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो : कायद्याने उत्पादकाच्या निष्काळजीपणाऐवजी वस्तूतल्या दोषाकडे बोट दाखवले हे योग्यच झाले, पण दोष सिद्ध करण्याचे ओझे जखमी माणसाच्या खांद्यावरून उतरलेले नाही. आजचे बहुतेक वाद या एका जागेशी येऊन थांबतात.

करारातून सुटका

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कायद्याचा हिशेब सरळ होता. ज्याच्याशी करार, त्याच्याशी भांडण. वस्तू दुकानदाराकडून घेतली असेल तर कारखानदाराशी तुमचा संबंध नाही. १८४२च्या ‘विंटरबॉटम विरुद्ध राइट’ या खटल्यात टपालगाडी मोडून जखमी झालेल्या गाडीवानाला याच कारणाने भरपाई नाकारली गेली, कारण गाडीच्या देखभालीचा करार टपाल खात्याशी होता, गाडीवानाशी नव्हता.

ही भिंत अमेरिकेत १९१६ साली फुटली. ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्यूइक’ खटल्यात मोटारीचे लाकडी चाक मोडून मालक जखमी झाला होता. गाडी विक्रेत्याकडून घेतलेली आणि चाक दुसऱ्याच कारखान्यातले, तरीही न्यायाधीश कार्डोझो यांनी मोटार कंपनीला जबाबदार धरले. ब्रिटनमध्ये हेच काम १९३२च्या ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ने केले. ऑगस्ट १९२८मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी एका कॅफेत मैत्रिणीने विकत घेतलेले जिंजर बिअर एका बाईने प्यायले. गडद काचेच्या त्या बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. बाटली तिने विकत घेतली नव्हती, म्हणजे करार कोणाशीच नव्हता. तीन विरुद्ध दोन मतांनी हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की शेवटच्या वापरकर्त्याची काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. हा निकाल जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. पण पुढे प्रकरण तडजोडीने मिटले आणि बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही, याकडे कमी जणांचे लक्ष जाते. तत्त्व उभे राहिले, पुरावा मात्र तपासला गेलाच नाही.

काळजीचे कर्तव्य मान्य झाल्यावरही निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागत होताच. कारखान्याच्या आत काय घडले हे बाहेरच्या माणसाने कसे दाखवायचे? १९४४ साली कॅलिफोर्नियात हॉटेलातल्या एका वेट्रेसच्या हातात शीतपेयाची बाटली फुटली. त्या खटल्यात न्यायाधीश ट्रेनर यांनी स्वतंत्र निकालपत्रात म्हटले की अशा वेळी निष्काळजीपणाचा शोध सोडून द्यावा आणि सदोष वस्तू बाजारात आणणाऱ्यावरच जबाबदारी टाकावी. नुकसानीचा भार तो किमतीत आणि विम्यात वाटून घेऊ शकतो, जखमी माणूस तसे करू शकत नाही. १९६३च्या ‘ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स’मध्ये हा विचार एकमताचा झाला. पत्नीने भेट दिलेल्या लाकूडकामाच्या यंत्रातून उडालेला तुकडा एका माणसाच्या कपाळावर बसला होता. युरोपने १९८५च्या निर्देशाने हीच दिशा धरली आणि ब्रिटनने १९८७मध्ये तसा कायदा केला. मात्र इजा, दोष आणि दोन्हींचा संबंध या तिन्ही गोष्टी दाखवण्याचे काम तिथेही दावा करणाऱ्याकडेच ठेवले गेले.

आपल्याकडचा १९८६चा टप्पा

भारतात दीर्घकाळ आधार होता तो १९३० सालच्या वस्तू विक्री कायद्याचा. माल हेतूला योग्य असावा ही अट त्यात होती, पण ती खरेदीदार आणि विक्रेता यांच्यापुरती. बाकी सारे दिवाणी न्यायालयात, कोर्ट फी भरून, वर्षानुवर्षे. ग्राहक चळवळीचा जोर यातूनच वाढला. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेली ग्राहक पंचायत आणि पाठोपाठ १९७५ची मुंबई ग्राहक पंचायत ही महाराष्ट्राने या चळवळीत घातलेली मोठी भर.

१९८६ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे असे आहे. वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचा सडलेला कारभार उघड केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्राहक संरक्षण कायदा झाला. या कायद्याने सदोष मालाबद्दल स्वस्त आणि जवळचा मंच दिला; वस्तू बदलून द्या, दुरुस्त करा, पैसे परत करा असे आदेश मिळू लागले. शारीरिक इजेच्या भरपाईसाठी मात्र ‘विरुद्ध पक्षाच्या निष्काळजीपणामुळे’ अशी अट कलम १४मध्ये होती. म्हणजे बिघडलेला फ्रीज बदलून घेणे सोपे, त्या फ्रीजचा झटका बसल्याची भरपाई अवघड. मंचांनी अनेकदा उदारपणे अर्थ लावला, पण तो ज्या-त्या मंचावर अवलंबून राहिला.

सहावे प्रकरण

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्यातले सहावे प्रकरण, कलम ८२ ते ८७, उत्पादन दायित्वाला वाहिलेले आहे. उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांची जबाबदारी त्यात वेगवेगळी मांडली आहे.

उत्पादकाची बाजू सर्वांत कडक. निर्मितीत दोष, रचनेत दोष, ठरलेल्या प्रमाणापासून फारकत, दिलेल्या हमीनुसार वस्तू नसणे, किंवा वापराच्या पुरेशा सूचना व इशारे नसणे, यांतले काहीही एक पुरे. हमीबाबत आपण निष्काळजी नव्हतो हे त्याने सिद्ध केले तरी तो सुटत नाही. विक्रेता तेव्हा सापडतो जेव्हा वस्तूच्या रचनेवर, तपासणीवर किंवा वेष्टनावर त्याचे मोठे नियंत्रण असते, त्याने तिच्यात बदल केलेला असतो, स्वतंत्र हमी दिलेली असते, इशारे ग्राहकापर्यंत पोचवलेले नसतात, किंवा मूळ उत्पादक कोण हेच कळत नसते. ही शेवटची अट ऑनलाइन बाजारातल्या निनावी चार्जर-हीटरांच्या काळात फार मोलाची आहे.

‘हानी’च्या व्याख्येत शारीरिक इजा, आजार, मृत्यू, त्यासोबतचा मानसिक त्रास, इतर मालमत्तेचे नुकसान हे सारे आले. खुद्द त्या वस्तूचे नुकसान आणि व्यापारी तोटा वगळला. वस्तूपुरती तक्रार नेहमीच्या मार्गाने करता येते. बचावही दिले आहेत. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात बदल हा बचाव विक्रेत्याला आहे, आणि स्वतः विकणारा उत्पादकही त्या व्याख्येत येतो. इशारा दिला नाही अशा तक्रारीत उत्पादकाला आणखी बचाव आहेत : दारूच्या अमलाखाली वापर, सर्वांना माहीत असलेला उघड धोका, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची वस्तू असेल तर त्या तज्ज्ञाला दिलेला इशारा.

दावा राहत्या जिल्ह्यात लावता येतो, वकील लागतोच असे नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत दोन वर्षांची. एवढ्या सोयी जगात फार थोड्या ठिकाणी एकत्र सापडतील, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

मतभेद कुठे आहेत

ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की सहाव्या प्रकरणाचा आत्मा निष्काळजीपणाविना जबाबदारी हाच आहे आणि ग्राहक आयोगांनी (पूर्वीच्या मंचांनी) तो तसाच वाचावा. वस्तूतून नफा ज्याला, धोक्याची किंमतही त्याला. शिवाय धोका कमी करण्याची ताकदही त्याच्याच हातात असते. यातले काही जण १९८६च्या एम. सी. मेहता निकालाकडे बोट दाखवतात. धोकादायक उद्योगांसाठी सर्वोच्च न्यायालयाने त्यात अपवादविरहित जबाबदारी सांगितली होती. पण त्या निकालाचा विषय कारखान्यातली वायुगळती होता, बाजारातला मिक्सर नव्हे. ही तुलना ताणलेली आहे असे मला वाटते.

उत्पादकांच्या बाजूचा युक्तिवादही हलका नाही. आपल्याकडे सुटे भाग बनवणारे हजारो कारखाने लहान आहेत. एका मोठ्या दाव्याने भोसरीतला वा इचलकरंजीतला दहा कामगारांचा कारखाना बंद पडू शकतो. अमेरिकेत १९८०च्या दशकात दायित्व विम्याचे हप्ते इतके वाढले की अनेक राज्यांना भरपाईवर मर्यादा घालणारे कायदे करावे लागले, हे उदाहरण ते देतात. कायद्याच्या मजकुरावरही त्यांचे बोट आहे : निष्काळजी नसल्याचा बचाव चालणार नाही असे कलम ८४ने फक्त हमीपुरते स्पष्ट म्हटले आहे, मग बाकी दोषांत तो बचाव शिल्लक आहे असे का मानू नये? माझ्या वाचनानुसार कलमाची एकूण रचना या अर्थाच्या विरुद्ध जाते, कारण दोष दाखवला की जबाबदारी येते असे पहिले उपकलम सरळ सांगते. तरी वरिष्ठ न्यायालयाचा नेमका निवाडा होईपर्यंत वाद जिवंत राहील.

तिसरा मतप्रवाह नियमनाचा. इजा झाल्यावर पैसे मिळवण्यापेक्षा असुरक्षित वस्तू बाजारात येऊच न देणे महत्त्वाचे, असे या लोकांना वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली भारतीय मानक चिन्ह नसलेल्या प्रेशर कुकरांबाबत केलेली कारवाई ते दाखवतात. अॅमेझॉनला २,२६५ ग्राहकांपर्यंत पोचून कुकर परत घेण्याचा, पैसे परत देण्याचा आणि एक लाख दंड भरण्याचा आदेश झाला. फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरांबाबत तसाच आदेश झाला. अशा आदेशाने अपघात टळू शकतात. पण भाजलेल्या व्यक्तीला प्राधिकरण भरपाई देऊ शकत नाही, आणि लाखाचा दंड एवढ्या मोठ्या कंपन्यांना कितपत बोचतो हा प्रश्न आहेच. नियमन आणि भरपाई एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, एवढे यातून दिसते.

रचनेतला दोष कसा ओळखायचा यावरही एकमत नाही. सर्वसाधारण ग्राहकाला जेवढी सुरक्षितता अपेक्षित असेल तेवढी नाही म्हणजे दोष, ही एक कसोटी. परवडणारी आणि अधिक सुरक्षित रचना शक्य असताना ती केली नाही म्हणजे दोष, ही दुसरी. पहिली सोपी आहे, पण नव्या वस्तूंबाबत अपेक्षा काय हेच ठरलेले नसते. दुसरी नेमकी आहे, पण तिला अभियंत्यांची साक्ष लागते. आपल्या कायद्याने दोन्हींपैकी एकीचीही निवड केलेली नाही.

पुराव्याचे ओझे

आता मूळ अडचणीकडे येऊ. दोषाचा वाद प्रयोगशाळेशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना तपासायला पाठवतो. अहवालासाठी ४५ दिवस, तपासणी असलेल्या तक्रारीच्या निकालासाठी पाच महिने, असे कायदा म्हणतो. खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. पण नमुना हवा ना! जळालेल्या स्कूटरच्या बॅटरीची राख होते. फुटलेली बाटली केरात जाते. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये नेली तर तपासणी करणारा माणूस कंपनीचाच असतो आणि निदानाची संगणकीय नोंदही कंपनीकडेच राहते.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२चा ‘ह्युंदाई’ निकाल मोठा दिलासा देणारा आहे. २०१५ साली घेतलेल्या क्रेटा गाडीला २०१७मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. कंपनीचे म्हणणे होते की समोरून पुरेशा जोराचा आघात झालाच नाही. न्यायालयाने म्हटले की वेग आणि बल यांची गणिते मांडून टक्कर किती जोराची होती हे ठरवणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असणे ग्राहकाकडून अपेक्षित नाही. एअरबॅग आहेत असे सांगून गाडी विकली, तर समोरून धडक बसल्यावर त्या उघडतील असेच तो गृहीत धरणार. घटनाच स्वतः बोलते, हे जुने तत्त्व न्यायालयाने इथे लावले. खरेदी आणि अपघात २०१९च्या कायद्याच्या आधीचे असल्याने सहाव्या प्रकरणाचा अर्थ मात्र त्यात लागला नाही.

घटना स्वतः बोलते हे एअरबॅगबाबत खरे, कारण तिचे काम एकच. तेच तत्त्व पाच वर्षे वापरलेल्या, दोनदा रिंग बदललेल्या कुकरला लावता येईल? कंपनीची मूळ रिंग तालुक्याच्या बाजारात मिळत नाही म्हणून साधी घातली, तर तो कायद्याच्या भाषेत वस्तूत ‘बदल’ झाला का? माझ्या मते, सुट्या भागांचा पुरवठा आणि चुकीच्या भागाविरुद्धचा ठळक इशारा उत्पादकाने दिला नसेल तर हा बचाव त्याला मिळू नये. पण हे मत आहे. प्रत्येक आयोगाला हा प्रश्न अजून नव्याने सोडवावा लागतो.

भरपाईचे गणित

मोटार अपघातांत वय, उत्पन्न आणि ठरलेला गुणक यांवरून भरपाई काढली जाते; २००९च्या सरला वर्मा निकालाने ती पद्धत पक्की केली. ग्राहक आयोगांसमोर असा तक्ता नाही. त्यामुळे सारख्याच इजेला एका जिल्ह्यात पन्नास हजार आणि दुसऱ्यात पाच लाख मिळू शकतात. दंडात्मक भरपाईबाबतही सर्वोच्च न्यायालयाचा सूर प्रसंगाप्रमाणे बदललेला दिसतो : २०१४च्या ‘जनरल मोटर्स’ प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने लावलेले २५ लाख, तशी मागणी वा बाजू मांडण्याची संधीच नव्हती म्हणून, रद्द झाले, २०२२च्या ‘ह्युंदाई’ निकालात मात्र अशी भरपाई योग्य ठरू शकते असे म्हटले गेले.

कोणत्या आयोगात जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा, दोन कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय आयोग. गाडीला आग लागून पती गमावलेल्या एका महिलेने या पद्धतीला आव्हान दिले होते; सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये ती वैध ठरवली. परिणाम असा की तीन हजारांच्या मिक्सरने बोटे गेली तर दावा जिल्हा आयोगातच लागतो. घराजवळ दाद मिळते ही जमेची बाजू. पण सर्वांत गुंतागुंतीचे तांत्रिक वाद सर्वांत कमी साधने असलेल्या पायरीवर येतात.

एकेकट्या दाव्यांच्या मर्यादा कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात दिसल्या. जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीने २०१०मध्ये जगभरातून परत घेतलेले धातूचे हे सांधे भारतातही हजारो रुग्णांना बसवले गेले होते. झिजलेल्या धातूतून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरुवातीच्या काळातच तक्रार नोंदवली होती. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने किमान २० लाखांची शिफारस केली ती २०१८ साली. पुढे भरपाईचे सूत्र ठरले, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि २०१९मध्ये ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी तिने दाखवली. माघारीनंतर नऊ वर्षांनी. हे सांधे बसवलेले बरेच रुग्ण कोण, कुठे आहेत हे शोधण्यातच वेळ गेला, कारण रुग्णाच्या अंगात कोणत्या क्रमांकाचा सांधा आहे याची नीट नोंदच नव्हती.

चौकटीबाहेर राहिलेले

‘ग्राहक’ म्हणजे मोबदला देऊन घेणारा, किंवा त्याच्या संमतीने वापरणारा. मग शेजाऱ्याच्या चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची आग ज्याच्या घरात शिरली त्याचे काय? मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी विजेवरची स्कूटर पेटली तेव्हा कोणी जखमी झाले नाही. त्या वेळी कोणी शेजारून जात असता तर त्याला बहुधा दिवाणी न्यायालयाचाच रस्ता उरला असता. डोनोह्यू खटल्याने ज्या परक्या माणसाला दार उघडले, त्याला आपल्या विशेष कायद्यात जागा आहे की नाही, हे स्पष्ट नाही.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेल्या औषधाचा प्रश्न याहून टोचणारा आहे. जे. जे.मधल्या रुग्णांनी ग्लिसरॉल विकत घेतले नव्हते. औषध विकतचे असले तरी वाट सोपी नाही. जम्मूतल्या रामनगरमध्ये २०१९-२० साली विषारी खोकल्याच्या औषधाने मुले गेली, तेव्हा कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख मिळाले ते मानवी हक्क आयोगाच्या शिफारशीवरून, तेही राज्याच्या तिजोरीतून. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये छिंदवाड्याची मुले तशाच औषधाने आजारी पडून नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली, त्यांतली कित्येक वाचली नाहीत. फौजदारी कारवाई लगेच होते, अटकेच्या बातम्या येतात. भरपाईचा दावा उत्पादकावर कोणी, कोणत्या मंचात आणि किती दिवसांत चालवायचा, याचे तयार उत्तर अजून नाही.

सॉफ्टवेअरही असेच बाहेर आहे. कायद्यातली ‘उत्पादना’ची व्याख्या घन, द्रव आणि वायू या अवस्थांची भाषा करते. रात्रीत अपडेट आले आणि सकाळी स्कूटरचा ब्रेक वेगळा वागू लागला तर दोष वस्तूत की सेवेत? सेवा म्हटले तर उत्पादकावरची कडक जबाबदारी सैल होते.

युरोपने या प्रश्नांना २०२४च्या नव्या निर्देशात हात घातला. सॉफ्टवेअर उत्पादन ठरले. कंपनीकडची कागदपत्रे उघड करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकेल, आणि तांत्रिक गुंतागुंतीमुळे दोष दाखवणे फारच कठीण असेल तर तो गृहीत धरता येईल. ९ डिसेंबर २०२६नंतर तिथल्या बाजारात येणाऱ्या वस्तूंना हे लागू होईल. चाकण आणि वाळूजमधून युरोपात माल पाठवणाऱ्या कारखान्यांनाही आपल्या चाचण्यांच्या नोंदी त्या तयारीने ठेवाव्या लागतील. त्याच कारखान्यातली वस्तू नगर किंवा नांदेडमध्ये फुटली, तर त्याच नोंदी मागण्याचा तितकाच ठाम अधिकार आणि दोष गृहीत धरण्याची तितकीच स्पष्ट तरतूद आपल्या सहाव्या प्रकरणात लिहिलेली नाही. ती दुरुस्तीने आणावी की आयोगांनी ‘ह्युंदाई’चा धागा पुढे नेऊन घडवावी, यावर चर्चा नुकती कुठे सुरू होते आहे.